सालदाराच्या घराचा कागद

तो कुठंही उभा राहिला की आधी जागा पावलांनी मोजायचा. टाचेला अंगठा लावत, तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत. गोठा मोजला, मारुतीचा पार मोजला. एकदा भातकुलीच्या बाजारात कांद्याच्या ढिगाभोवती फिरला. कांदेवाली म्हणाली, "कांदे घ्याचे का जमीन घ्याची?"

"घर बसते का पाहून राहिलो, बाई," तो म्हणाला.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. हा माझ्याकडं बारा वर्षं सालदार होता. मी दुसरीपर्यंत शिकलो, नटवून लिहिता येत नाही. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

सालदाराचं साल पाडव्याला संपतं. तो आणि त्याची बायको आमच्या खळ्यातल्या खोपडीत राहायचे. खोपडी माझी. पाडव्याच्या सकाळी दोघं मडकी, जातं, गोधड्या बाहेर काढून निंबाखाली बसत. मी गुढी, जेवण आटोपून जायचो आणि त्याच्या हातावर सुपारी ठेवायचो. त्यानं ती घेतली की पुढचं साल ठरलं, मग मडकी परत आत. मी मुद्दाम उशीर करायचो. दुपारपर्यंत निंबाखाली बसलेला माणूस फार मागत नाही, हे मला बापानं शिकवलं होतं.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चाले. शेतात मजुराचं घर बांधायचं तर तहसिलीची परवानगी, जादा सारा, साहेबाची पाहणी. कोण बांधतो? मग कायदा बदलला. कोतवालानं दवंडी दिली: परवानगी नको, जादा सारा नको. मालकानं कागदावर सही करून तुकडा नेमून द्यायचा आणि मजुरासोबत पटवाऱ्यासमोर उभं राहायचं, बस. घर मजुराचं. उद्या तो दुसऱ्याकडं कामाला गेला तरी घर त्याचंच.

तो वखर सोडून धावत आला. "मालक, ऐकलं काय? कायदा आला म्हंजे घर आलंच."

"कागद तं येऊ दे," मी म्हणालो.

कागद आठवड्यात आला. पटवाऱ्यानं माझ्या हातात दिला, मी घडी करून आढ्याला खोचून ठेवला. त्याला घर मिळू नये असं काही माझ्या मनात नव्हतं. पण स्वतःचं घर असलेला माणूस पाडव्याला निंबाखाली कशाला बसेल?

त्यानं विचारलं की मी सांगायचो, "नाई आला अजून."

"सरकारचं काम हाये, मालक. दमानंच येनार," असं म्हणून उलट तोच माझी समजूत घालायचा.

विहिरीजवळ पडीक कोपरा होता. तिथं त्यानं राखेनं घर आखलं, सात पावलं लांब, पाच रुंद. त्याची बायको रेघांच्या आत बसून भाकर खायची. एकदा मी सरळ रेघ ओलांडून गेलो तर म्हणाली, "मालक, भिंतीतून कावून येता? दार तिकडं हाये." तो मान खाली घालून हसला. मी वळसा घालून दारातून आत गेलो. तिनं पाण्याचा गडवा पुढं केला. कागद तेव्हा माझ्या आढ्यालाच होता.

काळी माती वाळली की भेगाळते. म्हणून तो गावठाणातून पांढरी माती पाट्या भरभरून आणायचा, कुटाराचा भुसा कालवून विटा पाडायचा. पावसाळ्यात त्यांचा चिखल झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा पाडल्या, गवतानं झाकून ठेवल्या. "हाताले सवय झाली आता," म्हणाला.

पुढच्या पाडव्याआधी घर झाडताना माझ्या बायकोला कागद सापडला. तिला वाचता येत नव्हतं, शिक्का ओळखला. मी जेवत होतो, तिथं घेऊन आली.

"हा त्याच्या घराचा काय?"

"राहू दे तिथंच."

"दोन पावसाळे झाले, अवो. तुमचं काय जाते?"

"तुले नाई समजत."

"मले समजते. तुमाले निंबाखाली मानूस पाह्याची आदत लागली."

मी जेवण टाकून उठलो.

त्याच हप्त्यात पटवारी त्याला बाजारात भेटला आणि सहज म्हणाला, कागद देऊन दोन वर्षं झाली, बांधलं काय घर? हे पटवाऱ्यानंच मला मागाहून सांगितलं.

पाडव्याला मडकी बाहेर आली. त्या दिवशी मी लवकर गेलो. त्यानं हात पुढं केला नाही.

"घे ना."

"नाई, मालक. अकोटले चाल्लो. कापसाच्या जिनात काम भेटते म्हंतात."

"कागद देतो. आत्ता सही करतो."

त्यानं जात्याला दोर आवळला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "तुमी नाई म्हनले असते, तं मी दुसरीकडं मांगितलं असतं," एवढंच म्हणाला.

माझी बायको त्यांचं एक मडकं डोक्यावर घेऊन गावकुसापर्यंत गेली. आली ती थेट चुलीपाशी गेली. त्याच्या विटांचा मी पुढं गोठा बांधला. वाया कशाला घालवायच्या, असं तेव्हा म्हणत होतो.

पंधरा दिवसांनी सही करून मी अकोटला गेलो. जिनाच्या फाटकाशी मुकादम म्हणाला, "होता. हंगाम सरला, पातुराकडं गेला म्हंतात." पातुरात तीन दिवस काढले. कोणाला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर कागद बायकोनं माझ्या हातातून घेतला.

यंदा पोळ्यानंतर ती गेली. तिच्या पेटीत लुगड्यांखाली तो निघाला. मी पहिल्यांदा अक्षर लावून पुरा वाचला. खाली माझी सही आहे. वर मजुराच्या नावाची ओळ आहे, ती मी भरली. त्यापुढं बापाचं नाव, मग मूळ गाव. बारा वर्षं तो माझ्या शेतात राबला, आणि या दोन ओळी मला भरता येत नाहीत. तिला सांगता आल्या असत्या. ती त्यांच्याशी बोलत बसायची.