वहिनींचा राग

माझ्या वहिनी शिवणकाम करतात. पूर्वी त्यांच्या जिभेला मोठी धार होती. कुणी माप देताना पोट आत ओढलं, की टेप तशीच धरून म्हणायच्या, "श्वास सोडा. मी वाट बघते." आत बसलेला माझा दादा खुदकन हसायचा.

दादा गेला आणि वहिनी गोड झाल्या. कोणी काहीही म्हणो, त्यांचं आपलं "बरं." रडल्याही नाहीत. शेजारी म्हणाले, बाई खंबीर आहे.

पुतणीला दिवस गेले. तिने आईला बाळंतपणासाठी बोलावलं. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, मी नाही जाणार. बातमी ऐकली आणि आत काही हललंच नाही. आनंद नाही, काळजी नाही. बाळ मांडीवर घेऊनही असंच वाटलं तर? पोरीला लगेच कळेल."

मी त्यांना मनाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "दुःख झेपेना की मन सगळीच दारं लावून घेतं. मग सुखही बाहेर राहतं. प्रेम आटलेलं नसतं. जेवण, झोप सांभाळा, रोज चाला, माझ्याशी येऊन बोला. आधी राग आला तर घाबरू नका."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी आम्ही फिरायला जाऊ लागलो. मी बोलण्यात कच्चा, त्यामुळे दोघंही गप्पच चालायचो.

एकदा मी वहिनींच्या शिवणाच्या दुकानात बसलो होतो. एक कारकून नवा शर्ट घालून आरशापुढे उभे राहिले. "बाई, डावा खांदा असा उतरता का?"

दादा पोस्टमन होता. पिशवी वाहून त्याचा डावा खांदा खाली आला होता आणि वहिनी त्याचे शर्ट तसेच बेतायच्या. हा शर्टही त्यांच्या हातांनी सवयीने तसाच बेतला होता. मला वाटलं, आता "बरं" म्हणून उसवायला घेतील.

"तुमचाच खांदा वर आहे!" वहिनी कडाडल्या. "नीट उभं राहायला काय होतं?"

"अहो, पण..."

"पण काय? इतकी वर्षं खांदा असाच बेततेय. कधी कुणाची तक्रार नाही!"

आणि त्या थबकल्या. आपण काय बोललो ते त्यांना कळलं. खडू हातात तसाच, आणि डोळ्यांना धार लागली.

कारकून घाबरले. "राहू द्या बाई, मी वाकडा उभा राहतो."

रडता रडता वहिनींना हसू फुटलं.

तेवढ्याने सगळं बरं झालं नाही. पुढे पुन्हा कोरडे दिवस आले. मध्येच त्या दादावर चिडायच्या, न सांगता गेला म्हणून. बधिर पायाला जाग येताना मुंग्या याव्यात तसं ते चाललं होतं. डॉक्टरबाईंकडे जाणं मात्र त्यांनी सोडलं नाही, आणि फिरताना आता दादाच्या गोष्टी निघू लागल्या.

मग एका सकाळी माझ्यासमोरच त्यांनी पुतणीला फोन लावला. "ऐक, मला अजून सगळं जाणवत नाही. बाळाला घेऊन नुसती बसले, तर मनाला लावून घेशील?"

"आई, तू नुसतं धर. प्रेमाचं सध्या मी बघते."

"तू बघतेस? बाहुलीचं डोकं उपटणारी तू!"

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "भावजी, माळ्यावरची बॅग काढा. बसून काय राहिलात?"

मी उठलो.