विहिरीची पायरी विचारणारा

दर उन्हाळ्यात तो पारनेरच्या एसटी स्टँडजवळ चहाच्या टपरीवर बसलेला दिसे. कोणत्या साली विहिरीचं पाणी कितव्या पायरीला होतं, हे शेतकऱ्यांना विचारून वहीत लिहून घेई. मला तो जमिनीचा दलालच वाटे.

"हे कशाला लागतं?" मी एकदा हटकलं.

"पाऊस हितं ठरत न्हाई. लांबचा समुद्र तापला की हितला बिघडतो. वाईट सालं रांगेनं येत्यात, चांगलीबी. मानूस दोन सालं बघून रान इकतो."

मग त्याने आमच्या विहिरीचं विचारलं. आमच्या रानावर त्याची नजर नको, म्हणून मी पाणी चार पायऱ्या कमी सांगितलं.

त्याने शेजारच्या विहिरींचे आकडे ताडून पाहिले आणि जुनी पानं उलटली. "तुमच्या वडलांनीबी असंच खोटं सांगितलं हुतं. पन वारायच्या आधी येऊन खरं सांगून गेले."