गळ्यातला तांबडा दोरा

वारा चांगला सुटला होता, एवढाच सेगूबचा बचाव. मिद्यानी उंटस्वार लुटायला यार्देन नदी ओलांडून आल्यापासून गावाचा नियम होता : मळणी असो की उपणणी, जे करायचं ते द्राक्षं तुडवायच्या खड्ड्यात, दबकून. सेगूबनं एकच टोपली जव टेकडीवर नेऊन उपणले. टोपलीभर जवांचा भुसा तो केवढा, पण उन्हात चमकत दरीभर उडाला आणि खालच्या स्वारांनी माना वर केल्या.

दुपारपर्यंत सगळं गाव डोंगरातल्या गुहेत.

सेगूब धान्य पुरायची जमिनीतली पेवं खणून लिंपायचा. कुणाचं पेव कुठे हे त्याच्या पोटात राही, म्हणून गावात त्याची पत. यंदा साऱ्या गावाचं बियाणं एकाच पेवात, त्याच्याच अंगणात पुरलेलं. आणि आता त्याच अंगणात उंट बांधले होते, गुहेच्या तोंडातून स्पष्ट दिसत होते. एका उंटाचा पाय झाकणातून आत गेला की पुढच्या वर्षी पेरायला काही नाही.

"मनासारखी झाली का रे उपणणी?" म्हाताऱ्या यारोहकाकांनी विचारलं.

"काका, वारा..."

"हो, वारा. मागल्या खेपेला पाऊस होता. तुझ्या बापाच्या वेळी काय होतं ते विसरलो."

गुहेत शिरलं की बायका कमरेच्या गाठोड्यातून अष्टोरेथ देवीच्या मातीच्या मूर्ती काढून कोपऱ्यात टाकत, पुरुष आपापला बआल देव टाकत, आणि मग सगळे मिळून परमेश्वराचा धावा करत. मागल्या खेपांचे तुकडे अजून तिथंच होते. मूर्ती बहुतेक सेगूबच्याच हातच्या, पेवं लिंपून उरलेल्या मातीच्या. आपणच चिमटून काढलेली नाकं आपल्याकडे रोखून बघताहेत असं वाटून त्यानं पाठ फिरवली.

"अहो, देवाला काहीतरी नवस बोला," त्याची बायको हेला कुजबुजली. "तुमच्यामुळे झालंय."

"बोकड बोलतो."

"बोकड आहे कुठे आपल्याकडे?"

"मग शेळी व्याली की पहिलं करडू. शिलोला परमेश्वराच्या वेदीवर नेऊन वाहीन."

"मागे कोकरू बोलला होतास," काका म्हणाले. "त्याचं कालवण मी तुझ्याकडेच जेवलोय, म्हणून जास्त बोलत नाही."

त्या अंगणातला पेवाजवळचा उंट चार दिवस बसे, उठे, पुन्हा बसे. दर वेळी सेगूब गुहेच्या तोंडाशी धावे. पाचव्या दिवशी एफ्राईमच्या डोंगरातून शिंगाचा आवाज आला. कुणीतरी लढायला उठला होता, माणसं गोळा झाली होती. उंट पळाले. सेगूबनं लीद बाजूला सारून झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला. जव कोरडे होते. तो तिथंच बसून रडला, आणि तेव्हा तरी मनापासून.

पेरणी झाली, पीक तरारलं. मग एक एक बाई गुहेत राहिलेला वाढायचा डाव आणायला म्हणून जाऊ लागली आणि कमरेचं गाठोडं भरून परतू लागली. इतके डाव गावात कधीच नव्हते.

शेळी व्याली. हेलानं करडाच्या गळ्यात नवसाचा तांबडा दोरा बांधला. पण शिलो दोन दिवसांची वाट. आधी चिखल होता, मग कापणी आली. मग काकांची सून आली. तिची गाय फळत नव्हती.

"सेगूबभावजी, एक छोटीशीच करून द्या. यांना सांगू नका."

"काकांना?"

"त्यांनीच पाठवलंय. नवऱ्याला म्हणतेय मी."

सेगूबनं माती मळायला घेतली. हल्ली रोज पहाटे तो टेकडीवर जाऊन यार्देनपलीकडे धूळ दिसते का बघून येई. आजही बघून आला होता. धूळ नव्हती, निदान त्याला दिसली नाही.

अंगणात करडू खोकलं. करडू कसलं, शिंगं फुटलेला बोकड. दोरा गळ्यात रुतला होता.

"अहो, याचं काहीतरी करा," हेला म्हणाली.

सेगूबनं मातीचे हात पुसले, दोरा कापला, आणि त्याच्या जागी दुसरा बांधला, पहिल्यापेक्षा चांगला वीतभर लांब.