आखाजीची सभा आणि गिरणीवाली अक्का

चेर्नोबिलच्या पुढच्या वर्षी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, भर दुपारी, शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या तापीकाठच्या गावावर अन्याय झाला. अणुवीज प्रकल्पाच्या साहेबांनी नेमकी त्याच दिवशी सभा ठेवली. माहेरवाशिणी झोक्यांवर, पुरुष पत्त्यांवर. सभेला एकटा कोतवाल. 'ग्रामस्थांची हरकत नाही' असं लिहून जीप निघून गेली.

ती सभा पुन्हा घ्यायला लावली गिरणीवाल्या अक्काने. झटकन उत्तर देणाऱ्यावर या बाईचा विश्वासच बसत नसे. दळण कधी मिळेल असं विचारलं, की आधी बल्बकडे बघायची, मग म्हणायची, "लाइन ऱ्हायनी ते सांजले."

मी 'अणुभट्टी हटाव'ची पत्रकं घेऊन गेलो, तर तिने एक पत्रक अख्खं वाचून घेतलं आणि विचारलं, "मंग मन्ही गिरणी काय तू हातवरी फिरावशी?" वीज तिलाही हवी होती, पण फसवून नको. दळणाला येणाऱ्या बायकांना ती पाळीपाळीने तहसील कचेरीत धाडत राहिली. साहेब कंटाळले आणि श्रावणात पुन्हा आले.

धोका शून्य, असं त्यांनी सांगून टाकलं. अक्का उठली. भट्टीत काही बिघडलं तर आम्हाला कोण कळवणार, असं तिने विचारलं. संबंधित विभाग, साहेब म्हणाले.

"खातं नको. माणूस सांगा. तेनं घर कोठे शे?"

साहेब घाम पुसू लागले. त्यांच्या शेजारी बसलेला इंजिनियर उठला. म्हणाला, "अक्का, ते अजून ठरलेलं नाही."

आम्ही पोरांनी त्याची हुर्यो उडवली. अक्काने आम्हालाच दटावलं, "गप बसा रे. हाऊच एक खरं बोलना." त्याला पुढे खुर्ची दिली आणि नाव ठरल्यावर तुम्हीच सांगायला या, असं बजावलं.

तो येत राहिला. दर वेळी अर्धंच उत्तर आणायचा, आणि अर्धं आहे हे आधी सांगायचा. गाव त्याचं ऐकून घ्यायला लागलं. मग त्याची बदली झाली. नवे साहेब रंगीत चित्रं घेऊन आले; त्यांच्याकडे सगळी उत्तरं तयार होती. अक्का चपला घालून निघून आली.

गेल्या भादव्यात ती वारली. बिघाड कळवणाऱ्या माणसाचं नाव तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रकल्पाच्या जागेची मधे थांबलेली पाहणी आता पुन्हा सुरू होतेय. धुळ्याचे असा नाहीतर शिरपूरचे, सभेला या. टाळ्या नकोत, शिव्याही नकोत. जबाबदार माणसाचं नाव विचारा, आणि ते मिळेपर्यंत जागचे हलू नका.