काकूंचा गंज आणि पाच करडे पेले

कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की ती करकरते. बारीक, कोरडा आवाज. दुसऱ्या खोलीत कुणी पापड मोडावा तसा. माझे कल्हईवाले उस्ताद मला तो आवाज ऐकवायचे आणि भोपाळी ढंगात विचारायचे, "को खां, बोल रहा है?" मी मान हलवली की मगच ती कांडी भट्टीपाशी यायची. शिसं मिसळलेलं कथील बोलत नाही, गुपचूप वाकतं. कल्हईच्या धंद्यात मला शिकवलेली ही पहिली गोष्ट, आणि यंदा मी तीच विसरायला निघालो होतो.

माझी शाळा सातवीत सुटली. वडील गेले आणि आर्वीकडचं गाव सोडून मी मावशीच्या यजमानांमागे भोपाळला आलो. ते कारखान्यात होते. मलाही तिथे चिकटवू म्हणाले होते, पण सातवीवाल्याला कारखाना आत घेईना. उस्तादांनी घेतलं. त्यांना भाता फिरवायला हात पाहिजे होते, हातांचं शिक्षण त्यांनी विचारलं नाही.

त्यांच्याबरोबर अरेरा कॉलनीतल्या एका घरी गेलो तेव्हा मी कितीतरी दिवसांत मराठी बोललो नव्हतो. मावशीकडेसुद्धा मुलं हिंदीच बोलायची. त्या घरच्या बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "कुठला रे तू?" बस, एवढंच. त्यांनी मला आत बोलावून ज्वारीची भाकर आणि ठेचा दिला, आणि मी खाईपर्यंत दुसरीकडे पाहत उभ्या राहिल्या. त्या काकू. त्यांचे सासरे नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आलेले. पुढे मला खोली भाड्याने मिळेना तेव्हा काकूंनीच घरमालकाला हमी दिली. माझ्या मुलीचा शाळेचा अर्ज त्यांनी भरला. मी फॉर्म पाहिला की आजही मला घाम फुटतो. रकाने दिसले की वाटतं, आपण चुकीच्या जागी लिहिणार आणि कुणीतरी ओरडणार.

या सगळ्याची परतफेड होत नसते. मी एकच करत आलो. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या आधी त्यांच्या पितळी गंजाला कल्हई लावायची आणि त्याचं काही घ्यायचं नाही. आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. त्यांचा गंज एवढा मोठा की मी तरुण असताना घासायला त्याच्या आत बसायचो. महालक्ष्म्यांच्या जेवणाची अंबील त्यातच शिजते. ज्वारीचं पीठ, आंबट ताक, आणि दुपारभर पंगती उठेपर्यंत ती त्यातच राहते. पितळ उघडं पडलं असेल तर ताक कळकतं, माणसं आजारी पडतात. म्हणून कल्हई. आणि त्या पंगतीत शेवटी मी, बायको आणि मुलगी जेवायला. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही.

आता कल्हईला बोलावतं कोण? मिसरोदच्या नव्या घरांमध्ये मी "कल्हईऽऽ" म्हणून ओरडलो की गेटवरचा गार्ड विचारतो, "क्या बेच रहे हो?" कथील इतकं महाग झालंय की जुन्या शहरातला दुकानदार सुटं द्यायला तयार नाही, अख्खी वीटच घ्या म्हणतो. माझ्याकडे करंगळीएवढा तुकडा उरला होता. महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या होत्या.

बिट्टन मार्केटजवळ एक जुन्या वस्तूंचं दुकान आहे. कॉलनीतले लोक नको असलेलं तिथे देऊन जातात, पैसा धर्मादायाला जातो. भाजीची पिशवी घेऊन मी तिथून चाललो होतो, तर कपबश्यांच्या मागे पाच करडे पेले दिसले. चार मोठे, कान असलेले, त्यातल्या एकावर उड्या मारणारा घोडा. पाचवा इवलासा, औषध प्यायच्या पेल्याएवढा. उचलले तर हातात बसकण मारल्यासारखे जड.

"प्यूटर है भैया, विलायती," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "शोकेस में रखिए, शान बढ़ेगी."

आमच्याकडे शोकेस नाही. मी पेले घरी आणले आणि मुलीला म्हटलं, प्यूटर म्हणजे काय ते फोनवर पाहा.

तिने वाचलं, "यात बहुतेक कथीलच असतं, बाबा."

मी एवढंच ऐकलं. ती पुढेही वाचत होती, की जुन्या पेल्यांमध्ये शिसंही घालायचे, सगळ्यात नाही, पण घालायचे. मी "बरं बरं" म्हटलं आणि पेले झोळीत टाकले. दमलेल्या माणसाला पहिलं वाक्य पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या मागच्या अंगणात भट्टी मांडली. त्यांच्या सुनेने गंज ढकलत ढकलत आणला. ती इथेच वाढलेली, मला भैया म्हणते, मी तिला वहिनी म्हणतो.

"भैया, यंदा तरी आईंना समजवा. स्टीलचं भगोनं आणू द्या. हा उचलायला दोघं लागतात आणि घासायला मी एकटी."

"वहिनी, माझ्या पोटावर पाय काऊन देता?"

"पोटावर कुठे? तुम्ही आमच्याकडून घेता तरी काय! दरवर्षी फुकट धूर करता आणि वर पोटाचं सांगता."

आतून काकूंचा आवाज आला. कान अजून तिखट आहेत. "त्याच्याशी काऊन भांडून राहिली? चहा ठेव त्याला."

वहिनी हसत आत गेली. मी गंज वाळूने घासून काढला. खांदा दुखत होता, भाता फिरवायचा कंटाळा येत होता, आणि वहिनीचं बोलणं डोक्यात राहिलं होतं. ती खोटं बोलत नव्हती. गंज त्या घराला नको होता. गंज मला हवा होता. तो माळ्यावर गेला, तर मी या घरी कशासाठी येणार? पाहुणा म्हणून यावं असा मी कोण? कल्हईवाला आहे म्हणून येतो, आणि आलोय म्हणून जेवतो.

पेले बाहेर काढले. पळी निखाऱ्यावर ठेवली. मग काय वाटलं कोण जाणे, काकूंकडे मागच्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत पडलं होतं, त्याचं एक पान उलटं केलं आणि घोड्याचा पेला त्यावर घासला.

पेन्सिलीने ओढावी तशी करडी रेघ उमटली.

शिसं असलं की अशी रेघ येते. दुसरा घासला, रेघ. तिसरा, चौथा, रेघ. इवलासा पाचवा घासला तर कागद कोरा. त्याचा काठ पक्कडीत धरून कानाशी वाकवला. करकरला, अगदी हळू. घोड्याच्या पेल्याचा कान वाकवला तर तो गप्प वाकला.

मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की कोणाला कळणार आहे? बाजारात सर्रास मिसळतात. शिशाची कल्हई तर सोपी बसते, चमकतेही. चारातला एक पेला वितळवला तरी गंज काठापर्यंत पांढरा झाला असता. एका वर्षाची तर गोष्ट होती, पुढच्या वर्षी कथील मिळालं असतं. पण आंबट ताक शिशाला सोडत नाही, आपल्यात ओढून घेतं. त्या गंजातली अंबील काकूंचा वर्षाचा पणतू बोटाने चाटणार होता. माझी मुलगी दोन वाट्या पिते.

उस्तादांची मनगटं शेवटी लोंबायला लागली होती. कप धरता यायचा नाही. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्या घरच्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण तरुणपणी हाताला येईल ते, शिसंसुद्धा, वितळवलं, हे ते स्वतःच सांगायचे. कांडी कानाला लावायला ते उशिरा शिकले होते.

"काय रे, पेले विकायला लागला का आता?"

काकू काठी टेकत दारात आल्या होत्या. मी उठलो. फॉर्मसमोर फुटतो तसा घाम फुटला.

"काकू, यंदा गंज होत नाही."

"काऊन?"

"कथील नाही. हे आणलं होतं, पण यात शिसं आहे. हे लावलं तर तब्येतीला वाईट."

त्यांनी पेल्यांकडे पाहिलं, कागदावरच्या रेघा पाहिल्या. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "आणि आजवर लावलं ते?"

"ते शुद्ध होतं, काकू. आईशप्पथ."

त्या लगेच काही बोलल्या नाहीत. फार वेळ नाही, चहाला एक उकळी येईल एवढाच. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे रे, बापा." पण ती उकळीएवढी चूप मी अजून झोळीत घेऊन फिरतो. त्यांचा दोष नाही. मीच विचारायची वेळ आणली.

वहिनीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. स्कूटीची चावी घेऊन गेली आणि चहा थंड व्हायच्या आत बिट्टन मार्केटमधून स्टीलचं भगोनं घेऊन आली. चकचकीत, बुडाला कंपनीचं स्टिकर. ती स्टिकर नखाने काढत बसली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तोंड असं नका करू भैया, मला पाप लागेल."

काकू तिथेच खुर्ची टाकून बसल्या. "आता भट्टी पेटवलीच आहे तर नैवेद्याचं पातेलं करून दे. देवीपुढची अंबील मी त्यातच ठेवीन. तेवढं तरी निघते का?"

नैवेद्याचं पातेलं दोन तळव्यांत मावतं. इवला पेला मी पळीत टाकला. तो काठाकडून ओघळला, मग एकदम बसला, आणि चांदीचा डोळा झाला. करंगळीएवढा तुकडा त्यातच सोडला. पातेलं तापवून नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, काकू खोकल्या पण उठल्या नाहीत. पळीतलं कथील ओतून कापसाने फिरवलं. आतून पांढरं शुभ्र झालं. त्यांनी त्यात वाकून स्वतःचं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हातारी झाली रे ही बाई."

जाण्याआधी गंज माळ्यावर चढवायचा होता. दोघं लागतात. एक काकूंचा मुलगा, दुसरा मी.

जेवणाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बोलावणं आलं होतं, वहिनीनेच फोन केला होता. स्टीलमधली अंबील नेहमीसारखीच झाली होती. पंगत उठताना काकूंनी नैवेद्याच्या पातेल्यातली वाटीभर माझ्यापुढे ठेवली. "ही घे. ही वेगळी लागते."

मला काही फरक कळला नाही. "वेगळी लागते," मी म्हणालो.

चार पेले अजून घरी आहेत. दुकानातल्या बाई परत घेतो म्हणाल्या, पण त्या पुन्हा मांडणार आणि माझ्यासारखाच कुणी उचलणार. भंगारवाल्याला द्यावेत तर त्याच्याकडून माल कोण घेतं हे मला ठाऊक आहे. त्यांच्या भट्ट्या मी पाहिल्यात. शिसं कथलातून वेगळं काढायची विद्या माझ्याकडे नाही. तेव्हा वितळवायचे नाहीत, विकायचे नाहीत. आवडले म्हणून ठेवले असं नाही. बाहेर गेले तर कुणाच्या तरी कढीत जातील, म्हणून ठेवले.

बायको वैतागते. "चहा पिऊ देत नाही, विकू देत नाही. मग पूजा मांडू का यांची?" एकात मुलीची पेनं आहेत, दोनात भात्याचे नटबोल्ट. घोड्याचा रिकामाच आहे. त्याचा वाकवलेला कान मी सरळ करायचा म्हणतो, पण राहून जातं.

परवा वहिनीचा फोन आला. मला वाटलं, काकूंना काही झालं. मी आधी त्यांची तब्येतच विचारली.

"तसं काही नाही हो, भैया. आई विचारतायत, नैवेद्याच्या पातेल्याला पुढच्या वर्षी लागेल तेवढं कथील आहे ना तुमच्याकडे? सकाळपासून दोनदा विचारून झालं."

मी म्हणालो, "आहे म्हणून सांगा."

नाही. पण वर्ष आहे अजून.