तुपावरची केळी

ह्यांचं सुतक संपलं, म्हणून आज इतक्या दिवसांनी आमच्याकडे तवा गॅसवर चढला. पिकून काळी पडत चाललेली राजेळी केळी होती. म्हटलं, नाश्त्याला तुपावर भाजूया. काप लालसर झाले, वर भुरभुरलेली साखर चुरचुरली, पण मला मेलीला वासच येईना. ह्यांना नेलं तेव्हा रडू आलं नाही, तसंच. फळ भाजलं की गोडी वाढते. माणसाचं काय होतं, कुणास ठाऊक.

सून आत आली. "आई, काय घमघमाट सुटलाय! कशी झालीत?"

मी घास घेतला. खोटं कशाला बोलू? "गरम आहेत," म्हटलं.

"तेवढं कळलं ना? मग खा बघू," म्हणाली आणि तिनं आणखी दोन काप वाढले.