आमचा तापणारा रेडिओ आणि हवालदारीणबाई

"ह्यो नुसता रडतोय वैनी. मारणारा दुसराच हाय."

शेजारी नव्यानं राहायला आलेल्या हवालदारीणबाईंचं आमच्या घरातलं हे पहिलं वाक्य, आणि तेही आमच्या रेडिओबद्दल. बोलण्याआधी तिनं पदर कमरेला खोचला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि रेडिओची पाठ आपल्याकडे फिरवून घेतली. दुसऱ्याच्या घरात इतक्या हक्कानं वावरणारी बाई तुम्हीही पाहिली असेल. तोंडावर मी तिला अहो-जाहो करत असे. मनात मात्र ती ‘ती’च होती.

आम्ही झाशीतले जुने मराठी. पिढ्या इथेच गेल्या, त्यामुळे आमच्या मराठीत निम्मी हिंदी. ती साताऱ्याकडची, नवरा बबीना छावणीत हवालदार, बदलीवर आलेला. गावी तिच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि लग्नापर्यंत ती त्यांच्या हाताखाली काम करत होती.

आमचा रेडिओ जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा. लावून थोडा वेळ झाला की आतला ट्रान्सफॉर्मर असा तापायचा की घरभर जळक्या मेणाचा वास. सदर बाजारातल्या मिस्त्रीनं सांगून टाकलं, "ट्रान्सफॉर्मर गया बाबूजी, नया डलेगा." माझे यजमान तोंड पाडून घरी आले. त्या रेडिओवर यांचा किती जीव होता ते मला विचारा.

तिनं प्लग काढला, बाकी रेडिओला वीज पुरवणारा एक व्हॉल्व्ह उपटून बाजूला ठेवला, रेडिओ पुन्हा चालू केला आणि खुशाल बसून राहिली. बऱ्याच वेळानं परत प्लग काढला आणि ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवला.

"हात लावा भावजी."

यांनी भीत भीत लावला. "अरे, ये तो ठंडा है!"

"मग? ह्यो चांगला हाय. ह्या व्हॉल्व्हच्या फुडं कुणीतरी वीज खातंय, आन् ह्यो बिचारा वढून वढून तापतोय."

मारणारा निघाला वीज साठवून ठेवणारा एक सुजलेला कंडेन्सर. तो बदलला आणि रेडिओ संध्याकाळभर गात राहिला.

झालं. तेव्हापासून माझा नवरा बोलू लागला! माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "छत्री कुठे आहे". तिच्याशी मात्र "भाभीजी, हे असं का? भाभीजी, ते कसं?" ओळखीपाळखीच्यांचे बिघडलेले रेडिओ आमच्याकडे गोळा होऊ लागले. रविवारी दुपारी ही दोघं उघड्या रेडिओवर वाकलेली आणि मी पलीकडे मेथी निवडत बसलेली. मेथी संपली तर निवडलेलीच पुन्हा निवडायची, पण जागा सोडायची नाही. तिच्या चहात मी मुद्दाम साखर कमी घालत असे. घोट घेऊन ती म्हणायची, "झकास झालाय वैनी." माझा आणखीच जळफळाट.

ती देखणी असती तर एक वेळ परवडलं असतं. ठेंगणी, सावळी, पुढचा दात अर्धा तुटलेला. तिच्या रूपावर मी जळतच नव्हते. माझ्या मुक्या नवऱ्याला तिनं बोलतं केलं होतं, जे मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

एका रविवारी मेथी बाजूला सारली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. "मलाही दाखवा."

तिनं सरकून जागा दिली. "या की! आधी प्लग. प्लग काढल्याबिगर आत हात घालायचा न्हाई. आन् कंडेन्सर प्लग काढल्यावर बी चावतो, ध्यानात ठेवा."

मी शिकले ते केवळ चढाओढीनं. पण शिकले.

पुढे तिच्या नवऱ्याची आसामकडे बदली झाली. ती गेली आणि हे पुन्हा मिठावर आणि छत्रीवर आले.

थंडीच्या दिवसांत रेडिओला पुन्हा तो वास येऊ लागला. मी प्लग काढला, तो व्हॉल्व्ह उपटला, रेडिओ लावून थांबले आणि मग प्लग काढून हात ठेवला. थंड. "कंडेन्सर बदला," मी म्हटलं. हे पाट ओढून समोर बसले आणि दिवेलागणीपर्यंत माझ्याशी बोलले. मला हवं ते अखेर मिळालं होतं. बोलले सगळं तिच्याबद्दल. ती किती हुशार, हसायची कशी, आणि यांच्याशी गप्पा मारायला कशी धावत यायची.

मला राग आला, पण उठवेना. मलाही तिच्याबद्दल ऐकायचं होतं.

जायच्या दिवशी सकाळी ती मागच्या दारानं एकटीच स्वयंपाकघरात आली होती. माझे हात कणकेत. तसेच तिनं ते धरले आणि भराभर बोलली, "आमचं मालक मला रेडिओला हात लावू देत न्हाईत वैनी. बाईमाणसाचं काम न्हाई म्हनत्यात. तुमी त्या दिशी शेजारी येऊन बसलासा, तवा बापाच्या दुकानात बसल्यावानी वाटलं मला." इतकंच म्हणून ती बाहेर उभ्या असलेल्या ट्रककडे पळाली.

यांना मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती यांच्याशी गप्पा मारायला यायची असं त्यांना वाटत होतं, ते तसंच वाटू दिलं. तिचं ते बोलणं माझ्या एकटीचं होतं. त्यात मला वाटेकरी नको होता.